डांबराचा रंग बदलतो तिथे

पाइन रन, ओहायो
सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३

प्रिय जॅनेल,

तुला, टॉडला आणि आपल्या नोराला अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते नेहमीचेच, त्यांची बातमी होत नाही. मेपलची पानं पडायला लागलीत आणि शेजारचा त्याची पानं यंत्राने फुंकून माझ्या अंगणात लोटतो. म्हणजे एकंदरीत सगळं जिथल्या तिथे आहे.

तुला सहा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. निरोप टाकले, ते तू वाचल्याची खूण उमटते आणि पुढे चिडीचूप. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद वाचलास की फाडलास ते मला कळणार नाही, तेवढंच मला बरं.

तू वडलांवर, एमिलवर, रागावलीस हे मला कळतं. मीही रागावले आहे, आणि तू त्याला चौतीस वर्षं सहन करतेयस तर मी बासष्ट. पण तुला त्या दिवशी अर्धंच कळलं, आणि अर्ध्यावर माणूस पुरता रागावतो. उरलेलं मी सांगते.

त्या रविवारी आपण सगळे चर्चमध्ये उभे होतो. फादर घड्याळाकडे बघत होते, नोराने रडून गोंधळ घातला होता, आणि आपल्या घराण्याचा बाप्तिस्म्याचा झगा एमिलच्या ट्रकमध्ये. आमच्या आजीने समुद्रापलीकडच्या गावाहून बोटीने आणलेला झगा, ज्यात माझा, एमिलचा आणि तुझा बाप्तिस्मा झाला. शेवटी पोरीला साध्या झबल्यात पाणी लावलं. मग पोलीस ठाण्यातून फोन आला, आणि तू मला म्हणालीस, “आत्या, त्यांना सांग, ज्या घरात बाळ आहे तिथे बंदूक घेऊन फिरणाऱ्याचं काम नाही.” हा निरोप मी त्याला अजून दिलेला नाही. असले निरोप माझ्या तोंडून जात नाहीत.

घरात बंदूक आणू नका म्हणून तू बजावलं होतंस, आणि तुला वाटतं त्याने तुझा शब्द मोडला. तर ऐक. त्याच्या सीटखाली एक लोखंडी पेटी आहे, किल्लीची. ती त्याने खास तुझ्याकडे येण्यासाठी बसवून घेतली. तुझ्या दारात ट्रक थांबला की रिव्हॉल्व्हर पेटीत, किल्ली बुटात, आणि मगच खाली उतरायचं, असं त्याने ठरवलं होतं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून तू दुसरीच्या पोरांना टेबलाखाली गप्प बसायची तालीम देतेस, ते तू सांगितलंस तेव्हा त्याचा हातातला घास हातातच राहिला होता. तुझं म्हणणं त्याला पटलेलं आहे. फक्त बारा वर्षांपूर्वी बँकेच्या यंत्रापाशी दोघांनी त्याच्या गळ्याला स्क्रू-ड्रायव्हर लावला होता, तेही तो विसरत नाही. तेव्हापासून सकाळी चष्मा, किल्ल्या आणि रिव्हॉल्व्हर, याच क्रमाने वस्तू अंगावर चढतात.

आता पकडला कसा ते वाच आणि डोक्याला हात लाव. ट्रकचा मागचा एक दिवा गेला होता. तुमच्याकडच्या पोलिसाने थांबवलं, एवढंच. त्या पोराला दिव्याशिवाय कशात रस नव्हता. पण आमच्या या शहाण्याने काय करावं? परवान्याच्या वर्गात शिकवतात ते. दोन्ही हात चाकावर ठेवून, पोलिसाने तोंड उघडायच्या आत, “साहेब, गाडीत हत्यार आहे, परवाना वरच्या खिशात आहे.” गप्प बसला असता तर दिव्याची चिठ्ठी घेऊन वेळेवर चर्चला पोचला असता. पोलिसाने परवाना पाहिला. त्याची मुदत आठ ऑगस्टला संपली होती.

आमच्याकडे गेल्या वर्षीच्या जूनपासून परवान्याची गरजच नाही. एकवीस वर्षांच्या वरचा, ज्याला कायद्याने मनाई नाही असा कुणीही खिशात पिस्तूल घालून दूध आणायला जाऊ शकतो. तुमच्या राज्यात गाडीत पिस्तूल ठेवायला परवाना लागतोच. आमचा परवाना तिकडे चालतो, पण जिवंत हवा. सीमेवर काय आहे? डांबराचा रंग काळ्याचा करडा होतो आणि एक पाटी आहे, ती निम्मी झाडात. अलीकडे तो सज्जन माणूस, पन्नास फूट पुढे गेला की गुन्हेगार. कायदे करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, की एकदा तरी त्या रस्त्याने स्वतः गाडी हाकून बघा.

गुन्ह्याला ते ‘किरकोळ’ म्हणतात. किरकोळ, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पेट्राकिस वकिलांनी विचारलं, परवाना वेळेवर नवा का केला नाहीत? “विसरलो,” एमिल म्हणाला. मी शेजारच्याच खुर्चीत होते. एकोणीस वर्षं मी शेरीफच्या कचेरीत परवान्याच्या खिडकीत बसते आणि माझा सख्खा भाऊ परवाना विसरतो. अशा माणसापुढे हात टेकावेत नाही तर काय करावं?

पण तू त्याला एक फोन कर. रागाने कर, पण कर.

तुझी आत्या,
लोरेटा

ता. क. ट्रक अजून तुमच्या पोलिसांच्या आवारात आहे, झग्यासकट, आणि तुझ्यासाठी केलेल्या अक्रोडाच्या रोलसकट. तिथल्या मुंग्यांची चंगळ चालू असेल.


पाइन रन
शुक्रवार, २० ऑक्टोबर

प्रिय जॅनेल,

तुझं कार्ड मिळालं. चित्र सुंदर आहे, मजकूर दोन ओळींचा. ‘बाबा काही विसरत नाहीत. आत्या, खरं काय आहे?’ नोरा कशी आहे, रात्री झोपू देते का, यातलं काही नाही. शाळेतल्या बाईने वहीवर शेरा मारावा तसं.

ठीक आहे, तो विसरत नाही. ट्रकचं तेल तो तारखेने बदलतो, चिनीमातीच्या कारखान्यात एकतीस वर्षांत त्याची भट्टी एकदा उशिरा पेटली नाही, आणि तुझ्या आईच्या थडग्यावर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फुलं असतात. पण माणूस आयुष्यात एकदा तरी विसरतोच की. तू काय वकील झालीस?

तू माझ्या जागी एक दिवस बसून बघ म्हणजे कळेल. कायदा बदलल्यापासून परवाना मागायला निम्मे लोक येतात, आणि जे येतात ते परवाना सोडून सगळं विचारतात. आता चर्चमध्ये नेता येतं का? दारूच्या दुकानात? एक बाई विचारत होती, कुत्र्याला फिरवताना परवाना लागतो का. मी म्हटलं, कुत्र्याचा लागतो. माझ्या डोक्यावर काचेवर पाटी आहे, ‘येथे कायदेशीर सल्ला मिळणार नाही’, आणि तिच्याखाली मी स्वतः टाइप केलेला कागद: शेजारच्या राज्यात जात असाल तर परवाना अजूनही हवा. लोक त्या कागदाखाली उभे राहून मला तेच विचारतात. दिवसातून वीस वेळा मी बोटाने वर दाखवते. आणि ते बोटांच्या ठशांचं यंत्र तर विचारूच नकोस. जुलैत एमिल आला होता त्या दिवशीही ते अडूनच बसलं होतं.

असो. ट्रक सुटला. मी एमिलला घेऊन गेले आणि त्याने चालवत आणला, आधी तिथेच उभं राहून दिवा बदलला. दोन्ही बाजूंचे बदलले, न गेलेलासुद्धा. झगा मिळाला. रोल फेकून द्यावा लागला.

वकिलांचं म्हणणं सांगते, कारण तुला ते कळलं पाहिजे. सुनावणी नऊ नोव्हेंबरला आहे. पहिल्यांदा चुकलेल्यांसाठी तुमच्याकडे एक योजना आहे. वर्षभर हजेरी लावायची, शिस्तीत राहायचं, मग नाव साफ. पण त्यात घ्यायचं की नाही ते सरकारी वकील ठरवतात, आणि ‘हत्यार बाळगतो आणि तारीख विसरतो’ अशा माणसावर ते काही प्रेम करत नाहीत. काही तरी कारण हवं, असं पेट्राकिस दोनदा म्हणाले. कुणी चुकीचं सांगितलं होतं का? कुठे वाचलं होतं का? एमिल म्हणाला, “नाही. मी विसरलो. गुन्हा कबूल करून टाकू आणि विषय संपवू.”

बाहेर आल्यावर मी त्याला झापला. म्हटलं, कबूल केलंस तर कपाळावर शिक्का बसेल. जन्मभर कुठलंच हत्यार ठेवता येणार नाही, आजोबांची हरणाची बंदूकसुद्धा भिंतीवरून उतरवावी लागेल. तो ट्रकला टेकून उभा होता. म्हणाला, “उतरवू की. मग जॅनेल येऊ देईल.”

मी गाडीत बसले आणि घरी येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

तो दिवसभर मागच्या पायरीवर बसतो. मी सूप नेलं तर पितो. सकाळी चष्मा, किल्ल्या घेतो आणि मग हात कमरेशी जातो, तिथे काही नसतं, तर हात तसाच खिशात घालतो. त्याला कुणीतरी बाहेर काढलं पाहिजे यातून. मी नाही, तू. तू कार्ड मला कशाला पाठवतेस? पत्ता त्याचाही तुला पाठ आहे.

खरं काय आहे असं विचारलंस. खरं म्हणजे मी दमले आहे. आज एवढंच.

आत्या


पाइन रन
शनिवार, ४ नोव्हेंबर

प्रिय जॅनेल,

आज हवामान, गुडघे, शेजारी काही नाही. उद्या घड्याळं एक तास मागे जातील. मला एक तास पुरायचा नाही, मला जुलै हवा आहे.

जुलैचा तेरावा, गुरुवार, चारला वीस मिनिटं कमी. खिडकीपुढे अकरा माणसं होती आणि ठशांच्या यंत्राने दुपारपासून मान टाकली होती. बाराव्या जागी तुझे वडील. अर्ज भरून आणलेला, फोटो लावलेला, जुना परवाना वर टाचलेला. मुदत संपायला चांगले सव्वीस दिवस होते. विसरला म्हणतो तो माणूस.

त्याचा नंबर आला तेव्हा माझा पारा चढलेला होता. तो काचेतून म्हणाला, “लॉरी, जॅनेलकडे आता बाळ येतंय, माझं जाणं-येणं वाढेल. म्हटलं आधीच करून ठेवावं.” आणि मी काय म्हटलं ते शब्दाला शब्द लिहिते, कारण हेच मी काल दुसऱ्या कागदावरही लिहून दिलंय. मी म्हटलं, “अरे, आता परवाना लागतो कुणाला? कायदा बदलला, पेपर वाचत नाहीस का? उगाच पैसे घालवू नकोस, घरी जाऊन गवत काप.”

तो जागचा हलला नाही. त्याने विचारलं, “नक्की?”

मी म्हटलं, “एकोणीस वर्षं इथे बसतेय. आता तू मला शिकव.”

त्याने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. त्याने सांगितलं होतं, जॅनेलकडे. माझ्या डोक्यावर माझा कागद होता, शेजारच्या राज्यात जात असाल तर. त्या दिवशी तो मी आधी सात जणांना वाचून दाखवला होता. पण तुझं घर म्हणजे शेजारचं राज्य, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पस्तीस मिनिटांचा रस्ता, मधे तो ॲपल-पायवाल्याचा ढाबा. तू तिकडे राहायला गेलीस त्याला नऊ वर्षं झाली आणि मी तुला कधी परक्या ठिकाणी धरलंच नाही. हे निमित्त नव्हे. एकोणीस वर्षं तेच काम करणाऱ्या बाईला हे निमित्त चालत नाही. पण तू विचारलंस, खरं काय, म्हणून सांगते.

आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी ठाण्यातून त्याला आणायला गेले, तेव्हा तो बाकावर बसला होता, बुटाच्या नाड्या काढून घेतलेला. मला बघून पहिलं काय बोलला असेल? “लॉरी, तू गप्प बसायचंस. तुझे अकरा महिने राहिलेत.” अकरा महिन्यांनी माझं पेन्शन. खिडकीत बसून सल्ला दिला तर नोकरी जाते, हे त्याला माझ्या तोंडून शंभरदा ऐकून माहीत होतं. मग तो वकिलापुढे ‘विसरलो’ म्हणाला आणि मी शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसले. तो सांगतोय म्हणून गप्प आहे असं मी माझ्या मनाला पटवत होते. खोटं. मला गप्पच बसायचं होतं, त्याने फक्त सोय करून दिली. वर तुला पत्र लिहून मी त्याच्याच विसराळूपणावर तोंडसुख घेतलं. त्या पत्राची मला आता लाज वाटते, ते फाडून टाक.

तुझं कार्ड मी फ्रिजवर लावलंय. दोन आठवडे दूध घेताना वाचते. ‘बाबा काही विसरत नाहीत.’ तुझा राग त्याच्यावर एवढा आणि तरी तू त्याला माझ्याहून बरा ओळखतेस, याचाच मला संताप आला होता.

काल सकाळी पेट्राकिसांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं, शिक्क्यासह. ते म्हणाले, कायदा माहीत नव्हता हा काही बचाव होत नाही, पण माणूस मुदतीच्या आत अर्ज घेऊन आला आणि कचेरीनेच परत पाठवला, हे सरकारी वकिलाला वाचावंच लागेल. वचन त्यांनी दिलं नाही. तिथून तशीच कचेरीत गेले आणि माझ्या साहेबांना, स्टॉडर्डना, सांगितलं. भला माणूस आहे, दोनदा वाचलं त्यांनी. मग म्हणाले, “लोरेटा, चौकशी होईपर्यंत घरी थांबा,” आणि खिडकीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली कडीतून निघेना, गुडघ्यांसारखीच बोटंही आखडलीत. त्यांनीच काढून घेतली. पेन्शनचं काय होईल ते माहीत नाही. काचेवरचा कागद मात्र येताना मी सरळ केला, एका कोपऱ्याला सुटला होता.

एमिलला सांगायला त्याच्या पायरीवर गेले. महिनाभर धड न बोललेला माणूस इतका ओरडला की शेजाऱ्याने पानं फुंकायची थांबवली. “तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? मी निस्तरत होतो ना?” मी म्हटलं, तू काय निस्तरत होतास, दगड? तू जॅनेलचं दार उघडण्यासाठी तुरुंगात चालला होतास. त्यावर तो उठला. मग आत जाऊन दोन कप कॉफी घेऊन आला. माझ्यात साखर जास्त होती. रागावला की तो असंच करतो.

तू दिलेला निरोप मी त्याला दिला नाही आणि देणारही नाही. रिव्हॉल्व्हरबद्दल तुझं-त्याचं जे काही असेल ते तुम्ही समोरासमोर बोला, त्यात मी तुझ्या बाजूची आहे, आणि हे मी त्यालाही सांगितलंय. पण नोराचा बाप्तिस्मा झबल्यात झाला तो माझ्या तोंडामुळे. दार लावायचं असेल तर माझ्या तोंडावर लाव.

सुनावणी गुरुवारी दहाला, तुमच्याच गावच्या कोर्टात, तुझ्या शाळेपासून चार चौक. तो तुला बोलावणार नाही. तू येशील असं तो धरून चाललेला नाही, पण काल संध्याकाळी त्याने कोट इस्त्रीला काढला आणि मला विचारलं, कोर्टात बाळं येऊ देतात का.

झगा मी हाताने धुतला. शिवणीपाशी अक्रोडाच्या तेलाचा डाग आहे, तीनदा धुऊनही निघाला नाही, आता तो राहणार. गुरुवारी तो माझ्या मांडीवर असेल, पिशवीत. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसू.

जबानीची नक्कल सोबत जोडली आहे. तिच्याखाली जी सही आहे तीच इथे करते.

लोरेटा ॲन हुदाक,
जिने तुझ्या वडलांना खिडकीतून परत पाठवलं